पेटीतली शिशाची बदकं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोपरखैरण्याच्या एका ताईंचे सासरे मुंबईच्या गोदीत ड्राफ्ट्समन, म्हणजे जहाजांचे आराखडे काढणारे, होते. ते गेल्यावर माळ्यावरून त्यांची लाकडी पेटी निघाली. आत शिशाचे बदकासारखे जड ठोकळे, लांब लवचिक पट्ट्या, सुकलेली रोट्रिंग पेनं आणि गुंडाळून ठेवलेली जहाजांची पंधरा-वीस जलरंगातली चित्रं. भंगारवाला शिशाचा भाव देतोय. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि म्हणतोय, मला आजोबांचंच काम करायचं, जहाजांची चित्रंही काढायची. ताई विचारतात, हे काम नेमकं काय होतं, त्यात आयुष्य कसं जातं आणि पोरानं त्यात पडावं का?

ताई, आधी त्या भंगारवाल्याला नाही म्हणून सांगा. बाकीचं सावकाश सांगतो.

मी ठाण्याला कोपरीत राहतो. आयटीआयचा दोन वर्षांचा ड्राफ्ट्समन मेकॅनिकल करून एकोणिसाव्या वर्षी एका गोदीच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर, म्हणजे दुसऱ्यांची ड्रॉइंगं गिरवणारा, म्हणून लागलो आणि चौतीस वर्षांनी सिनिअर ड्राफ्ट्समन म्हणून बाहेर पडलो. चित्रं त्याआधीपासून काढत होतो, अजून काढतो. तुमच्या सासऱ्यांना मी ओळखत नव्हतो, पण ती पेटी मला चांगली ओळखीची आहे.

ती बदकं म्हणजे आमच्याकडचे ‘डक’. जहाजाच्या अंगावर सरळ रेघ शोधून सापडत नाही. कंपासनं गोल निघतो, फ्रेंच कर्व्हनं छोटं वळण निघतं, पण शंभर मीटरच्या जहाजाची वॉटरलाइन, म्हणजे पाण्याच्या पातळीला जहाजाच्या अंगाची कड, १:५० ला, म्हणजे पन्नासपट लहान काढायची तर कागदावर दोन मीटरची एकच वाहती रेघ हवी. त्यासाठी त्या लवचिक पट्ट्या, म्हणजे बॅटन. कागदावर बिंदू घालायचे, बॅटन त्यांच्यावरून वाकवायची आणि डकच्या चोचीतला हुक बॅटनच्या खाचेत अडकवून तिला जागेवर धरायची. एका रेघेला बारा-पंधरा डक सहज लागतात.

खरी गंमत पुढे आहे. सगळे डक बसले की मधला एक अलगद उचलायचा. बॅटन जागची हलली नाही तर बिंदू बरोबर. टुणकन सरकली तर तो बिंदू खोटा, तिला जिथे जायचंय तिथे जाऊ द्यायची आणि नवा बिंदू मांडायचा. असं एकेक करत सगळ्यांना उचलून बघायचं. मग गाल कागदाला टेकवून, एक डोळा मिटून रेघेच्या टोकाकडून तिच्या लांबीवर नजर टाकायची. उभ्यानं बघितलं तर जी रेघ लोण्यासारखी वाटते, तिच्यात अशा नजरेला फुगवटा दिसतो. आमचे साहेब फुगवट्याला ‘गळू’ म्हणायचे. ‘फ्रेम चौदावर (जहाजाच्या चौदाव्या फासळीवर) गळू आलंय’ असं ऐकलं की अख्खा दिवस गेला म्हणून समजायचं.

दिवस का जातो तेही सांगतो. जहाजाचा आकार तीन बाजूंनी काढतात. शीअर प्लॅन म्हणजे बाजूनं, हाफ ब्रेड्थ म्हणजे वरून आणि बॉडी प्लॅन म्हणजे समोरून घेतलेले काप, जसे दुधीचे काप करतो तसे. तिन्हींत तोच एक बिंदू असतो. एकीकडे दोन मिलिमीटर सरकवला की बाकीच्या दोन्हीकडे सरकतो आणि तिकडच्या रेघा बिघडतात. त्या सुधारल्या की पुन्हा पहिली बिघडते. तिन्ही चित्रं एकमेकांशी पटेपर्यंत हे चालतं, त्याला फेअरिंग म्हणतात. हिशेब करून बघा, १:५० ला ०.३ मिलिमीटरची पेन्सिलची रेघ म्हणजे पोलादात पंधरा मिलिमीटर. म्हणून आकार पुढे मोल्ड लॉफ्टमध्ये जायचा. लॉफ्ट म्हणजे प्रचंड मोठं रंगवलेलं लाकडी फ्लोअर. आमच्या ऑफसेट टेबलातले, म्हणजे आकाराच्या मापांच्या तक्त्यातले, आकडे घेऊन लॉफ्टवाले गुडघ्यावर बसून त्यावर जहाज पूर्ण मापात काढायचे. आमची चूक तिथे उघडी पडायची आणि वर निरोप यायचा, ‘खाली या, तुमचं बाळ बघा.’

ड्रॉइंगला इतका जीव का लावायचा, याची एक गोष्ट मी नव्या पोरांना नेहमी सांगायचो. आपल्या मुंबईच्या गोदीत जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्यानं सागवानाची ‘त्रिंकोमाली’ ही लढाऊ फ्रिगेट बांधली. तिचे नकाशे इंग्लंडहून ‘जावा’ नावाच्या जहाजातून निघाले होते. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन फ्रिगेटनं जावाला हरवलं, मग ती जाळली आणि नकाशेही गेले. दुसरे नकाशे पाठवावे लागले. जहाज पाण्यात उतरलं १२ ऑक्टोबर १८१७ रोजी. कागद हरवला तर जहाज थांबतं. ती त्रिंकोमाली आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे, दोनशे वर्षांचं मुंबईत घडलेलं सागवान अजून तरंगतंय.

रोजचं काम मात्र एवढं रोमांचक नाही. लाइन्स प्लॅन फार थोड्यांच्या वाट्याला येतो. बाकीचे पाइप, ब्रॅकेट, शिड्या, मॅनहोल, केबल ट्रे काढत असतात. पहिली चार वर्षं मी दुसऱ्यांची पेन्सिल ड्रॉइंगं शाईत गिरवली. ट्रेसिंग पेपरवर शाईचा डाग पडला की दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा आडवा धरून खरवडायचा आणि खरवडलेली जागा नखानं घासून गुळगुळीत करायची, नाहीतर पुढची रेघ तिथे फुटते. जुलैत दमट हवेनं कागद पापडासारखा फुगायचा. सकाळी बोर्डावर ताणून चिकटवलेला कागद दुपारी लाटा खायचा, मापं फसायची. अचूक कामाला मग पॉलिएस्टर फिल्म घ्यायची, तिच्यावर शाई धरावी म्हणून आधी शंखजिऱ्याची पावडर चोळायची. प्रिंटरूममध्ये ड्रॉइंगच्या प्रती काढायला लागणाऱ्या अमोनियानं डोळे चुरचुरायचे. मान, पाठ आणि डोळे, ड्राफ्ट्समनची दुखणी ठरलेली. सासऱ्यांची एक बाजूची मान आखडलेली होती का, आठवून बघा. असेल तर डाव्या खांद्यावर वाकून काढणारे होते ते.

नंतर ऑटोकॅड आलं. आमच्याकडे नव्वदच्या दशकात एका पावसाळ्यात बोर्डं निघाली आणि स्क्रीन आल्या. मी रडलोबिडलो नाही. फेअरिंगला जिथे आठवडे जायचे तिथे दिवस लागायला लागले, हे चांगलंच झालं. पण स्क्रीनवर वाढलेल्या पोरांना गळू दिसत नाही, हे मी शेवटपर्यंत बघितलं. कॉम्प्युटर कुठल्याही बिंदूंतून सुंदर वळण काढून दाखवतो. खोट्या बिंदूंतूनसुद्धा.

आता चित्रांकडे येतो. यात तुमच्या मुलाला सांगण्यासारखं जास्त आहे.

ड्राफ्ट्समन चित्रं काढायला लागला की त्याची पहिली दहा वर्षं वाया जातात. माझी गेली. रेलिंगचे दांडे मोजून काढायचो, पोर्टहोल मोजून काढायचो, अँटेना काढायचो आणि जहाज काचेच्या टेबलावर ठेवल्यासारखं दिसायचं. एकदा चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूनं खाडीतल्या होड्यांचं चित्र काढलं आणि मोठ्या अभिमानानं शेजारच्या एका होडीवाल्या मामांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि दोन होड्यांवर बोट ठेवून विचारलं, ‘ह्या दोघी भांडल्यात का रं?’ मला कळेना. मग त्यांनी समजावलं. नांगरावरची होडी पाण्याच्या ओढीकडे तोंड करून राहते. ठाण्याच्या खाडीत भरतीचं पाणी दक्षिणेकडून, बंदराच्या बाजूनं वर चढतं, तेव्हा होड्यांची तोंडं बंदराकडे. सुकतीला त्या सगळ्या वळून ठाण्याकडे बघतात. वारा फार नसेल तर एका वेळी सगळ्यांची एकच दिशा. माझ्या चित्रात एक होडी भरतीत होती आणि दुसरी सुकतीत. फोटो दोन वेगळ्या वेळी काढले होते आणि जुळवून चित्र केलं होतं. चौतीसपैकी बारा वर्षं जहाजांत घालवलेला माणूस मी, आणि पाणी कुठे चाललंय हे बघितलंच नव्हतं.

तेव्हापासून चित्राला हात लावण्याआधी वहीत लिहितो: वेळ, तिथी, भरती की सुकती, उधाण की भांग (मोठी भरती की लहान), वारा कुठून. झेंडा, धूर, शीड आणि नांगरावरच्या होड्या यांचं एकमेकांशी पटलं पाहिजे. ही तीन प्लॅनची फेअरिंगच आहे, फक्त पाण्यावरची.

मग हळूहळू कळलं की ऑफिसातली विद्या चित्राला फार उपयोगी आहे, पण वेगळ्या जागी. उदाहरण देतो. चालत्या जहाजाच्या अंगाला लाटा लागतात, त्या चित्रकार मनाला येईल तशा काढतात. लाटेचा आणि वेगाचा हिशेब पक्का असतो. वेग नॉटमध्ये (ताशी सागरी मैलांत) घ्या, त्याचा वर्ग करा, ०.१७ नं गुणा, म्हणजे जहाजाबरोबर धावणाऱ्या लाटेची लांबी मीटरमध्ये मिळते. १२० मीटरचं जहाज १५ नॉटनं चाललं असेल तर लाट साधारण ३८ मीटरची, म्हणजे कुशीला नाकाशी एक आणि त्याच्या मागे तीन उंचवटे दिसतील. २० नॉटला ६८ मीटर, म्हणजे एक उंचवटा पुढे नाकाशी, दुसरा मध्याच्या जरा मागे, आणि त्यांच्यामधल्या खळग्यात पाणी खाली जाऊन तळाच्या रंगाची पट्टी उघडी पडेल. साडेसव्वीस नॉटला लाट जहाजाएवढी होते, मग एक उंचवटा पुढे, एक मागे, आणि मधे पोट उघडं. मागे पसरणारा लाटांचा पंखा दोन्ही बाजूंना साधारण साडेएकोणीस अंशांचा असतो, खोल पाण्यात बदक असो की विनाशिका. एवढं सांभाळलं की जहाज धावतंय असं वाटतं. बघणाऱ्याला कारण कळत नाही, नाविकाला लगेच कळतं.

दुसरी गोष्ट क्षितिजाची. तुमचा डोळा पाण्यापासून तीन मीटर वर असेल, तर क्षितिज प्रत्येक होडीला, जवळच्या आणि लांबच्या, तिच्या पाण्यापासून तीन मीटरवरच कापतं. या एका नियमानं चित्रातल्या निम्म्या चुका पकडता येतात. तीन मीटरवरून समुद्राचं क्षितिज सहा किलोमीटरच्या जरा पुढे असतं, त्याच्या पलीकडच्या जहाजाचं पोट दिसायचं नाही. आपल्या खाडीत क्षितिज दिसत नाही, समोर कांदळवन असतं, म्हणून इथे शिकणाऱ्यांची ही सवय कच्ची राहते. मुलाला महिन्यातून एकदा गेटवेला नाहीतर अलिबागच्या किनाऱ्यावर जाऊ द्या.

आणि रंग. ठाण्याच्या खाडीत निळं पाणी नाही. चहात दूध कमी पडल्यावर जो रंग येतो तो, त्यावर आकाशाची राखाडी आणि फ्लेमिंगो आले की कडेला मळकट गुलाबी पट्टा. मी निळ्याची ट्यूब वर्षाला एक वापरतो, तीसुद्धा आकाशाला.

हा जोडधंदा जुना आहे. सतराव्या शतकातले डच चित्रकार बापलेक, दोघंही विलेम व्हॅन डे व्हेल्ड. थोरला मुळात ड्राफ्ट्समन, लहानशा गलबतात बसून आरमारी लढाईच्या इतका जवळ जायचा की तोफा चालू असताना कागदावर जहाजांच्या जागा टिपायचा. पांढऱ्या तयार फळीवर शाईच्या लेखणीनं काढलेली त्याची चित्रं बघा, ती आमच्या ट्रेसिंगची पणजी वाटतात. पुढे दोघं इंग्लंडला गेले. १६७४ साली राजा दुसऱ्या चार्ल्सनं दोघांना वर्षाला शंभर-शंभर पौंड बांधून दिले, बापानं लढायांचे आराखडे काढायचे आणि मुलानं ते रंगवायचे, अशी वाटणी. एकाच माणसात ही दोन कामं नेहमी सुखानं नांदत नाहीत, हे राजाला कळलं असावं, असा माझा आपला अंदाज.

याच्या उलट उदाहरण आपल्या घरचं आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला आणि आंग्र्यांचं आरमार जळालं. त्या लढाईचं चित्र डॉमिनिक सेरेस या चित्रकारानं लंडनमध्ये बसून काढलं. ऐकीव माहितीवर, जिंकणाऱ्यांच्या बाजूनं. आपल्या गुराबांची, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजांची, आणि गलबतांची आपल्याच माणसानं बघून काढलेली अशी मोठी चित्रं मागे नाहीत, ही गोष्ट मला खुपते. १६५७ नंतर शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीला, म्हणजे आपल्या दारात, जहाजं बांधायला घेतली. त्या कारागिरांनी आकार कागदावर नाही, डोळ्यात आणि हातात ठेवला. तो हातांबरोबर गेला.

गोपनीयतेबद्दलही सांगायला हवं, कारण नेव्हल कामात हा रोजचा विषय आहे. बांधणीतलं लढाऊ जहाज तुम्ही रोज बघता, त्याचा प्रत्येक कोपरा पाठ असतो, आणि ते घरी येऊन काढता येत नाही. फोटो नाही, वहीत स्केचसुद्धा नाही. मी स्वतःला नियम घातला होता, जे जहाज नौदल दिनाला गेटवेसमोर सगळ्यांनी बघितलंय तेवढंच काढायचं, आणि तेही गेटवेवरून जेवढं दिसतं तेवढंच. जास्त माहीत असून कमी काढायचं. गंमत म्हणजे माझी चित्रं सुधारली ती याच सवयीनं, रेलिंगचे दांडे मोजणं सुटलं.

पैशाचं विचारलंत. चित्रांवर घर चालत नाही, निदान माझं चाललं नाही. घर पगारावर चाललं, चित्रांनी मुलीच्या क्लासची फी आणि दरवर्षीचा कागद निघाला. गिऱ्हाईक ठरलेलं असतं, निवृत्त होणारा कॅप्टन किंवा चीफ इंजिनिअर, खारघर-नेरूळला राहणारा, त्याला त्याचं जहाज हवं असतं. मी तीन गोष्टी विचारतो. जहाजाचा आयएमओ नंबर, कारण नाव आणि मालक बदलतात पण तो सात आकडी नंबर जहाजाला जन्मभर चिकटतो. मग वर्ष, कारण जहाजाच्या धुराड्याचा रंग बदलतो. आणि जहाज भरलेलं की रिकामं. हे तिसरं विचारायचं एकदा राहिलं. बल्क कॅरिअर, म्हणजे सुटा माल वाहणारं जहाज, रिकामं, पाण्याच्या बरंच वर उचललेलं दाखवलं, दिसायला झोकदार. चीफ साहेबांनी चष्मा लावून मागची बाजू बघितली आणि म्हणाले, ‘प्रोपेलर अर्धा बाहेर ठेवून मी इंजिन चालवलं नसतं हो.’ अख्खा मागचा भाग धुऊन पुन्हा केला. जलरंगात असं धुतलेलं कायम कळतं.

मग मुलानं काय करावं? चित्रकार होण्यासाठी नोकरी सोडू नये आणि नोकरीसाठी चित्र सोडू नये. डिप्लोमा पुरा करू दे. पुढे जहाजाचा आकार ठरवायच्या कामात, म्हणजे नेव्हल आर्किटेक्टच्या बाजूला जायचं असेल तर पदवी लागेल. ती आयआयटी मद्रास आणि खरगपूरला, कोचीनच्या विद्यापीठात आणि इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीच्या विशाखापट्टणम कॅम्पसला होते. नुसता डिप्लोमा असेल तर डिझाइन ऑफिसात थ्रीडी मॉडेलिंगचं काम मिळतं, आणि ‘क्लास’च्या, म्हणजे जहाजाची रचना तपासणाऱ्या संस्थेच्या, मंजुरीसाठी जाणारी ड्रॉइंगं काढायला माणसं लागतातच. पहिली दोन-तीन वर्षं पाइप आणि ब्रॅकेट काढावे लागतील, त्याला कंटाळणारा मुलगा असेल तर आत्ताच विचार करू दे. चित्रासाठी क्लास लावण्याआधी दिवाळे कोळीवाड्याच्या जेट्टीवर अमावास्येच्या उधाणाला पाठवा. एकच होडी, भरतीला एकदा आणि सुकतीला एकदा. सुकतीला ती चिखलात कलंडेल, तेव्हा पाण्याखालचं अर्धं अंग दिसेल, ते आधी काढू दे. मग भरतीला वरचं. बाजूनं, समोरून आणि जमलं तर जेट्टीवरून खाली बघून. बहुतेक पोरं वरचंच अर्धं काढतात आणि मग होडी पाण्यात बसत का नाही म्हणून विचारत बसतात.

आता पेटी. चित्रांच्या गुंडाळ्या ओढून सरळ करू नका, कागद चिरेल. कोरड्या दिवशी स्वच्छ कागदांच्या मधे ठेवून वर हलकं वजन, आठवडाभर. लॅमिनेशन तर अजिबात नको, कोणी कितीही सांगितलं तरी. पावसाळ्यात बुरशी धरते, कपाटात कोपऱ्याला छोटा बल्ब लावून ठेवतात तसं करा. पेटीत ‘गोपनीय’ शिक्का असलेली प्रिंटं निघाली तर त्यांचे फोटो कुणाला पाठवू नका, ती गोदीत परत द्यायची. डक हाताळल्यावर साबणानं हात धुवा, शिसं आहे ते, आणि लहान मुलांच्या हाती देऊ नका. आणि बॅटन आत्ता भिंतीला टेकवून उभ्या ठेवल्या असतील तर आजच आडव्या करा. उभी बॅटन काही महिन्यांत कायमची वाकते. एकेक सपाट टेबलावर ठेवा, कडेनं पेन्सिलनं रेघ मारा, बॅटन उलटी करून त्याच दोन टोकांवर पुन्हा मारा. दोन्ही रेघा एकच झाल्या तर बॅटन चांगली. मधे फट राहिली तर ती खराब झाली, तेवढी एक भंगारात दिलीत तरी चालेल.